खोडी कोणाची, हसू कोणाचे?

दिवाळी अंकात परीक्षण लिहावयाचे म्हणजे एखादी कादंबरी घ्यावी, एखादे नाटक घ्यावे, फार तर एखादा चित्रपट घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. ती बाजूला ठेवून मी यंदा असा एक प्रकार परीक्षणास घेतला आहे की, ज्याचे नाव घरातल्या वडील माणसांना बहुधा सांगता येणार नाही, परंतु ज्याचा प्रेक्षक बहुतेक प्रत्येक घरात, फराळाच्या ताटाशेजारीच, मान खाली घालून बसलेला सापडेल. मोबाइलवरचा किंवा संगणकावरचा एखादा खेळ खेळायचा, खेळता खेळता कोणाची तरी फजिती करायची, तिचे चित्रीकरण करायचे आणि ते यूट्यूबवर सगळ्या जगाला दाखवायचे, असा हा प्रकार आहे. मुले त्याला 'गेमिंग प्रँक' म्हणतात. प्रँक म्हणजे आपली खोडी. हे खोडीचे व्हिडिओ मुलांनी पाहावेत काय, हा आजच्या परीक्षणाचा विषय.

मराठीत बालवाङ्मयाचे परीक्षण पुष्कळ झाले. मुलांच्या पुस्तकातली भाषा कशी असावी, त्यात भूत असावे की नसावे, राक्षस मारला जावा की त्याचे मन पालटावे, यावर आपण हिरिरीने वाद घातले. परंतु मूल आज दिवसाकाठी जे सर्वांत अधिक वेळ पाहते, त्याचे परीक्षण कोणी करीत नाही. त्याविषयी तक्रार मात्र घरोघर होते. तक्रार करणारा पाठ फिरवून बोलतो. परीक्षण करावयाचे तर समोर बसून शेवटपर्यंत पाहावे लागते. ते मी केले. माझ्या वर्गातल्या मुलांनी जे जे सांगितले, ते ते मी सुट्टीत क्रमाने पाहिले. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही, आणि संगणकशास्त्र तर मला मुळीच येत नाही. परंतु गोष्ट कशी रचली आहे, तिच्यात कोण कोणाशी कसे वागते आणि ती ऐकणाऱ्याच्या मनात काय ठेवून जाते, एवढे पाहण्याची सवय कादंबरीलेखनाने लावली आहे, आणि शिक्षकाच्या खुर्चीवरून मुलांचे चेहरे रोज दिसतात. एवढ्या भांडवलावर हा उद्योग केला आहे.

आमचे चिंचपाडा हे नवापूर तालुक्यातले, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे स्टेशनाचे गाव. गुजरातची हद्द येथून जवळ. येथली मुले घरी कोणी मावची बोलतात, कोणी भिली, कोणी अहिराणी. शाळेत मराठी शिकतात, बाजारात गुजराती ऐकतात. हिंदी मात्र त्यांना मोबाइलने शिकवली. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले, आणि करोनाच्या काळात शाळाच मोबाइलमध्ये गेली, तेव्हा ज्या घरात तो नव्हता त्या घरातही तो कसाबसा आला. शाळा पुन्हा भिंतींच्या आत परतली. मोबाइल घरी राहिला. आज पाचवीतला मुलगा मधल्या सुट्टीत दुसऱ्याला 'अबे नूब' असे म्हणतो, तेव्हा तो शब्द कोणत्या बोलीतला हे मला आता विचारावे लागत नाही. या शब्दाकडे मी पुढे येणार आहे.

हे सगळे व्हिडिओ एका माळेचे मणी आहेत, असे दुरून वाटते. जवळून पाहता त्यांचे तीन वर्ग पडतात, आणि तिघांना एकच निकाल देणे अन्यायाचे होईल.

पहिला वर्ग 'माइनक्राफ्ट' या खेळातल्या खोड्यांचा. हा खेळ स्वीडनच्या मार्कस पर्सन याने २००९ साली लोकांपुढे ठेवला, २०११ साली तो पूर्ण रूपात आला, आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो काढणारी कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. युरोपात तो सात वर्षांपुढील मुलांसाठी योग्य मानला आहे. चौकोनी ठोकळ्यांचे जग. त्यात माती खणावी, लाकूड तोडावे, घर बांधावे. येथली खोडी म्हणजे काय? मित्र बाहेर गेला असता त्याच्या घरात शंभर कोंबड्या भरून ठेवणे. उंबऱ्याशी असा दगड बसवणे की, त्यावर पाय पडताच खालची जमीन सरकावी आणि मित्र पाण्यात पडावा. या जगात 'रेडस्टोन' नावाची एक तांबडी भुकटी असते. ती विजेच्या तारेसारखी अंथरता येते, तिला बटण जोडता येते, दोन बटणे एकदम दाबली तरच दार उघडावे अशी योजनाही करता येते. चांगला खोडकर हे सर्व प्रेक्षकांसमोर जोडून दाखवतो. आमच्या एका विद्यार्थ्याने हे पाहून वहीत चोरदाराचा आराखडा काढून आणला होता. सातवीच्या विज्ञानातला विद्युतपरिपथ त्याला मला शिकवावा लागला नाही. आणि कोंबड्यांनी भरलेले घर पाहून तो मित्रही हसतो, कारण दुसऱ्या दिवशी परतफेड करण्याची त्याची पाळी असते. या वर्गातले जे बरे आहे ते खरोखर बरे आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

दुसरा वर्ग पाहून मात्र घरातली मोठी माणसे दचकतात, आणि ते योग्यच आहे. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चा पाचवा भाग २०१३ साली अमेरिकेच्या रॉकस्टार कंपनीने काढला. मोटारी पळवणे, दरोडे घालणे, गोळीबार करणे हा त्याचा गाभा. युरोपात त्यावर अठरा वर्षांची, अमेरिकेत सतरा वर्षांची मर्यादा छापलेली आहे. त्यात फ्रँकलिन नावाचा एक तरुण आणि चॉप नावाचा कुत्रा आहे. आता कोणा कल्पक माणसाने काय केले, तर या शहरात जपानी व्यंगचित्रातला शिनचॅन आणून सोडला! हिंदीतून असे असंख्य व्हिडिओ निघतात: शिनचॅन फ्रँकलिनची खोडी काढतो, त्याची मोटार पळवतो, त्याचे घर उडवतो, पोलीस पाठीस लागतात, आणि मागे निवेदक आनंदाने ओरडत असतो. पाच वर्षांचे मूल शिनचॅनला ओळखते, म्हणून बोट लावते. गंमत अशी की, शिनचॅनची मूळ चित्रकथासुद्धा १९९० साली प्रौढ वाचकांच्या साप्ताहिकात सुरू झाली होती. आणि आपल्याकडे ही मालिका २००८ साली बंद करण्यात आली व पुढे काटछाट होऊन परत आली, हे अनेकांना आठवत असेल. म्हणजे प्रौढांसाठी निघालेला एक खेळ आणि प्रौढांच्या साप्ताहिकात जन्मलेले एक पात्र, या दोहोंची मोट बांधून ती बालकाच्या हाती दिली आहे! दारूच्या बाटलीला दुधाच्या बाटलीचे बूच लावावे तसा हा प्रकार आहे. त्याविषयी अधिक ऊहापोह करण्याची गरज नाही. बाटलीवर मर्यादा छापली आहे. ती वाचावी, म्हणजे झाले.

परंतु माझ्या मते खरा विचार करावयास लावतो तो तिसरा वर्ग. त्यात बंदुका असल्या तरी दुरून दिसत नाहीत, रक्त नाही, घर उडवणे नाही. म्हणून आईबापांना तो निरुपद्रवी वाटतो. 'फ्री फायर'सारखा खेळ घ्या. मूळ 'फ्री फायर'वर आपल्या सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली, परंतु त्याचे 'मॅक्स' नावाचे भावंड खेळले जातच राहिले. या खेळात प्रत्येकाचे स्वतःचे खाते असते, त्याला मुले 'आयडी' म्हणतात. त्यात पोशाख, बंदुकीवरची नक्षी, आणि खरे पैसे मोजून घेतलेले 'डायमंड' नावाचे नाणे साठवलेले असते. आता व्हिडिओ असा: थोरला भाऊ धाकट्याची आयडी गुपचूप उघडतो. धाकट्याने महिनोन्‌महिने जमवलेले डायमंड तो समोरच्या प्रेक्षकांना विचारून विचारून उधळतो. धाकटा येतो, पाहतो, प्रथम त्याला खरे वाटत नाही, मग त्याचा चेहरा पडतो, मग तो रडू लागतो. कॅमेरा त्या चेहऱ्याच्या अगदी जवळ नेलेला असतो. मागे हास्याचा आवाज जोडलेला असतो. दुसरा नमुना असा: खेळात नुकत्याच आलेल्या कोणा अनोळखी पोराला आपल्या तुकडीत घ्यायचे, त्याला गोड बोलून एका कोपऱ्यात न्यायचे, त्याच्याजवळची शस्त्रे काढून घ्यायची, शत्रूच्या तोंडी द्यायचे, आणि त्याचा गोंधळलेला आवाज सर्वांना ऐकवायचा. तिसऱ्या नमुन्यात मुलीचा आवाज काढून एखाद्याला भुलवायचे आणि शेवटी त्याला सर्वांसमक्ष मूर्ख ठरवायचे. अशी शेकड्यांनी वळणे आहेत.

येथे कोणी म्हणेल की, गुरुजी, खोडीला इतके घाबरता कशाला? आपली सगळी परंपराच खोड्यांची आहे. मला हे पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच परंपरेकडे नीट पाहू. तमाशातली गवळण आठवा. कृष्ण आणि पेंद्या मथुरेच्या वाटेवर गवळणींना अडवतात, मावशीची फटफजिती करतात. परंतु मावशी गप्प बसते काय? ती असे काही सुनावते की, टाळ्या तिलाच पडतात. दारावर येणारा बहुरूपी आठवा. तो फौजदाराच्या वेशात येतो, घरधन्याला अटकेची भीती घालतो, घरातली पोरे आईच्या पदराआड लपतात. आणि मग? मग तो टोपी काढतो, 'बहुरूपी आहे, मालक' असे सांगतो, घर हसते, आणि ज्याला फसवले त्याच्याचकडून बिदागी घेऊन तो जातो. फसलेल्या माणसाने खुशीने पैसे दिले, म्हणजे खोडी चांगली वठली, असा त्याच्या कलेचा हिशेब असतो. शिमग्यात थट्टामस्करीला सूट असे. पण शिमग्याला तिथी असते, आणि रंग धुतला की सूट संपते. आमच्या जिल्ह्यात सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत बुध्या आणि बावा सोंगे घेऊन नाचतात. अंगावर रंगाचे ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरे. परंतु हे सोंग घेण्यापूर्वी त्यांना काही दिवस पाळणी पाळावी लागते. जमिनीवर निजावे लागते, नेमाने राहावे लागते. सोंग घ्यायचे तर आधी स्वतःला आवर घालायचा, असा तो दंडक आहे.

या जुन्या खोड्यांतून तीन गोष्टी सहज हाती लागतात. पहिली, फसतो तो बहुधा फसवणाऱ्याहून बलवान असतो: बिरबलाच्या गोष्टीत बादशहा, बहुरूप्याच्या खेळात घरधनी. दुसरी, शेवटी पडदा वर जातो आणि फसलेला माणूसही हसतो, किंवा त्याला उलट टोला देता येतो. तिसरी, खोडी काढणाऱ्यावर काहीतरी बंधन असते. तिथीचे असेल, नेमाचे असेल, बिदागीचे असेल. चांगल्या बालवाङ्मयानेही हाच धडा गिरवला आहे. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे कमी खोडकर नाही, पण त्याची खोडी दुबळ्याच्या वाटेस जात नाही. चिं. वि. जोश्यांचा चिमणराव तर आपली फजिती आपणच सांगून आपल्याला हसवतो. 'टॉम आणि जेरी'त मारामारी काय कमी आहे? १९४० पासून ते मांजर भिंतीवर आपटते आहे. तरीही मूल ते पाहून बिघडत नाही, कारण जेरी लहान आहे आणि टॉम मोठा. घरात सर्वांत लहान असलेल्या मुलाला त्या उंदरात स्वतःचा विजय दिसतो.

आता हीच तीन मापे तिसऱ्या वर्गातल्या व्हिडिओंना लावून पाहा. फसतो कोण? नवखा, धाकटा, एकटा. फसवणारा कोण? ज्याला खेळ पुरता येतो, ज्याच्याजवळ महागडा मोबाइल आहे, आणि ज्याच्या पाठीशी लाखांनी प्रेक्षक आहेत. म्हणजे येथे जेरीच्या जागी टॉम आला आहे आणि आपण त्यालाच टाळ्या देत आहोत. शेवटी पडदा वर जातो काय? जातो कधीमधी, 'अरे, प्रँक होता' असे शब्द येतात, पण तोवर डायमंड गेलेले असतात आणि रडणे विकले गेलेले असते. फसलेल्याला उत्तर देण्याची जागा कोणी ठेवलेलीच नसते. आणि बंधन? तिथी नाही, नेम नाही. मोबाइलवर बारा महिने शिमगा आहे. बिदागी मात्र आहे, आणि ती फसलेल्याकडून येत नाही.

ती कोठून येते हे समजून घेतले, म्हणजे या वाङ्मयाची रचना अशी का झाली हे उलगडते. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा यूट्यूब तो बनवणाऱ्यास देते. व्हिडिओ आठ मिनिटांहून मोठा असला तर मध्येही जाहिराती घालता येतात. पूर्वी ही अट दहा मिनिटांची होती, २०२० साली ती आठावर आली. दोन मिनिटांत आटपणारी खोडी आठ मिनिटांपुढे का ताणली जाते, रडणाऱ्या धाकट्याला लगेच जवळ का घेतले जात नाही, याचे उत्तर येथे आहे. खोडी लांबली तर उत्पन्न वाढते. आणखी एक गोष्ट. मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून अमेरिकेत २०१९ साली गूगल आणि यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले. त्यानंतर २०२० पासून 'हे मुलांसाठी आहे' असे ज्या व्हिडिओवर नोंदवलेले असेल, त्यावर पाहणाऱ्याच्या आवडीनिवडी हेरून दाखवलेल्या जाहिराती बंद झाल्या आणि प्रतिक्रियाही बंद झाल्या. हेतू चांगलाच होता. परंतु त्याचा परिणाम असा की, मुले पाहतात हे ठाऊक असूनही तसे नोंदवण्यात बनवणाऱ्याचा तोटा असतो. मिठाई मुलांसाठी मांडायची आणि पाटीवर 'प्रौढांचे दुकान' लिहायचे, यातला प्रकार!

खोडीचा धंदा झाला म्हणजे तो कोठवर जातो याची दोन उदाहरणे अमेरिकेतली आहेत. सणाच्या अंकात ती थोडक्यात सांगतो. मेरीलँड राज्यात एक जोडपे आपल्याच मुलांच्या खोड्या काढून यूट्यूबवर दाखवीत असे. नाहीशी होणारी शाई गालिच्यावर सांडून, ती तूच सांडलीस असे म्हणून लहानग्याला रडेपर्यंत दटावायचे, ही त्यातली एक. २०१७ साली प्रकरण न्यायालयात गेले, दोन मुलांचा ताबा गेला आणि आईबापांना मुलांची हेळसांड केल्याबद्दल पाच वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ डिसेंबर रोजी, कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरी याहून भयंकर घडले. 'कॉल ऑफ ड्यूटी' खेळणाऱ्या दोघांचे दीड डॉलरच्या पैजेवरून भांडण झाले. एकाची खोड मोडावी म्हणून तिसऱ्याने पोलिसांना खोटा फोन केला की, अमुक पत्त्यावर खून झाला आहे. पत्ता जुना निघाला. दार उघडून बाहेर आलेला दोन मुलांचा बाप पोलिसाच्या गोळीने मेला. त्याचा त्या खेळाशी काडीचा संबंध नव्हता. फोन करणाऱ्यास २०१९ साली वीस वर्षांची सजा झाली. प्रत्येक खोडी अशी शेवटास जाते असे म्हणणे मूर्खपणाचे होईल. परंतु ज्याची खोडी काढायची तो हाडामांसाचा माणूस आहे, हे एकदा डोळ्यांआड झाले की पुढची उतरण किती निसरडी असते, ते यावरून दिसते. यूट्यूबनेही २०१९ च्या आरंभी नियम स्पष्ट केला की, जिवाला धोका आहे असे भासवणाऱ्या आणि मुलांच्या मनाला जबर धक्का देणाऱ्या खोड्या दाखवू नयेत. तथापि धाकट्याचे डायमंड उधळणे हे त्या नियमाच्या जाळीतून सहज निसटते.

यावर मुलांची बाजू मांडणाऱ्यांचा एक आक्षेप असतो, आणि तो वजनदार आहे. 'हे सगळे नाटकच असते,' असे ते म्हणतात. 'तो धाकटा भाऊ ठरवून रडतो, त्यालाही वाटा मिळतो. मुलांना हे कळते.' पुष्कळ व्हिडिओ बनवलेले असतात, हे पाहताक्षणी माझ्याही लक्षात आले. रडणाऱ्याचे अश्रू ऐन वेळी कॅमेऱ्याकडे वळतात. परंतु म्हणून गुण बदलतो काय? नाटकातला खलनायक खोटाच असतो, पण नाटक त्याला नायक म्हणून उभे करीत नाही. शिवाय यात एक बारकी मेख आहे. व्हिडिओतला धाकटा ठरवून रडला असेल. पण हे पाहून आमच्या गावातला थोरला जेव्हा आपल्या धाकट्याची आयडी उघडतो, तेव्हा तो धाकटा ठरवून रडत नाही.

आता 'नूब' या शब्दाकडे येतो. नवशिका, नवखा, ज्याला खेळ येत नाही तो नूब. ज्याला येतो तो 'प्रो'. आपल्या भाषेत नवख्याला किती प्रेमाची नावे आहेत! 'नवा गडी' म्हटले की त्याला सांभाळून घ्यायचे असते. लहानग्याला 'लिंबूटिंबू' म्हटले की तो बाद झाला तरी खेळात राहतो. या व्हिडिओंत लिंबूटिंबूला जागा नाही. न येणे हाच तेथे गुन्हा आहे आणि हसणे ही त्याची शिक्षा. मी शिक्षक आहे, आणि माझी सगळी शाळा 'मला येत नाही' या तीन शब्दांवर उभी आहे. जे मूल हात वर करून हे तीन शब्द म्हणते, त्याला शिकवता येते. आमच्याकडे तर मूल पहिलीत येते तेच परक्या भाषेत. मराठी शब्द चुकला तर त्याने खुशाल चुकावा, वर्गाने सांभाळून घ्यावा, तेव्हा कोठे ते वर्षभरात बोलू लागते. अलीकडे मी पाहतो की, चुकणाऱ्याकडे वर्ग वळतो, मागच्या बाकावरून तो शब्द येतो, हसू पिकते, आणि तो हात खाली जातो. तो पुन्हा वर येण्यास कधी कधी सहा महिने लागतात. बंदुकीचा आवाज मूल विसरेल. न येणाऱ्याला हसायचे असते, हा धडा ते विसरणार नाही; आणि उद्या त्याला स्वतःला काही येईनासे झाले की तो धडा त्याच्यावरच उलटेल.

हा निवाडा आपल्यासाठी दुसरा कोणी करील, अशी आशा करण्यात अर्थ नाही. चित्रपटाला प्रमाणपत्र असते. २०२३ च्या दुरुस्तीने त्यात सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्याही आल्या. पैसे देऊन पाहावयाच्या मालिकांना २०२१ च्या नियमांनी तशाच पायऱ्या लावल्या. कोणीही उठून यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओस मात्र अशी पायरी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला; तो मुख्यतः पैसे लावून खेळण्याच्या खेळांवर आहे, आणि तेथे तो हवाच होता, पण हसण्याच्या जातीवर कायदा करता येत नाही. तेव्हा परीक्षकाचे काम घरातच कोणाला तरी करावे लागेल. आईला, आजोबांना, नाही तर नुकत्याच मिसरूड फुटलेल्या थोरल्या भावाला.

तर निकाल असा. 'माइनक्राफ्ट'सारख्या बांधकामाच्या खेळातल्या, बरोबरीच्या मित्रांनी आळीपाळीने काढलेल्या खोड्या आठ-दहा वर्षांच्या मुलाने अवश्य पाहाव्यात; पाहून झाल्यावर कागदावर आराखडा काढला तर फारच उत्तम. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चे, त्यात कितीही ओळखीचे बाहुले नाचत असले तरी, शाळकरी मुलासमोर चालू देऊ नयेत. नवख्याला, धाकट्याला, अनोळखी मुलाला रडवून हसवणारे व्हिडिओ लहान मुलांनी पाहू नयेत असेच माझे मत आहे. आणि तेरा-चौदा वर्षांचे मूल पाहणारच असेल, तर ते मोठ्या माणसाच्या शेजारी बसून, आवाज उघडा ठेवून, पाहावे. कानात बोंडले घालून एकट्याने पाहिलेले हसू सर्वांत वाईट.

हे सर्व लक्षात ठेवणे कठीण वाटले, तर प्रत्येक व्हिडिओ संपल्यावर मुलाला एकच प्रश्न विचारावा: 'ज्याची खोडी काढली, तो शेवटी हसला का रे?' उत्तर देण्याची घाई करू नये. मुलालाच आठवू द्यावे. मी हा प्रश्न सहावीच्या वर्गात विचारून पाहिला. बराच वेळ कोणी बोलेना. मग एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, त्याचं शेवटी काय झालं ते दाखवलंच नाही." एवढे ज्या मुलाच्या ध्यानात आले, त्याच्या हाती मोबाइल असला तरी फारशी चिंता नाही. दिवाळीची सुट्टी मोठी असते, घरात माणसे असतात, फराळाचे डबे उघडे असतात. एक व्हिडिओ मुलांबरोबर बसून पाहा, आणि हा प्रश्न विचारा.